रुळांकाठचे गवत

खेळण्यातल्या आगगाडीचे एक वर्म आहे. ती चालते म्हणून माणूस तिच्याजवळ येतो, आणि ती नुसती चालतच राहते म्हणून दहा मिनिटांत दूर होतो. गोल रुळांवरून गाडी तेराव्यांदा समोरून गेली की लहान मूलसुद्धा जांभई देते. मग जगातील इतकी प्रौढ, शहाणीसुरती, संसारी माणसे या छंदात आयुष्यभर कशी रमतात? आमचे उत्तर असे की त्यांचा जीव रुळांच्या कडेच्या गवतात असतो, फाटकाशी टेकवलेल्या सायकलीत असतो, स्टेशनच्या भिंतीवर उतरलेल्या ओलीच्या डागात असतो. गाडी हे निमित्त. गाव उभे करणे हे खरे काम. नाताळचा गोठा ज्यांनी मनापासून केला आहे त्यांना हे अधिक सांगायला नको. बाळ येशू, मरिया, योसेफ बाजारातून आणता येतात. पण गोठ्यामागची टेकडी, तळे, तळ्याकाठची वाट आणि वाटेवरचा मेंढपाळ यांच्यासाठीच मुले आठ-आठ रात्री जागतात.

अशा रेल्वेची मांडणी आपल्या वाचकांपैकी थोड्यांनीच पाहिली असेल. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ मध्ये लोकांसाठी खुले केलेले लघुरेल्वे संग्रहालय आहे; ज्यांना शक्य असेल त्यांनी मुलांना घेऊन ते जरूर पाहावे. आमच्याजवळ आहे ती वस्तू त्याच्या मानाने अगदीच गरीब. ८० सेंटिमीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद अशी एक फळी, तिच्यावर रुळांचे एक लांबट वर्तुळ, एक बाजूची लाइन, एक स्टेशन. प्रमाण १:१६०, रुळांमधील अंतर ९ मिलिमीटर. न्यूरेंबर्गच्या आर्नोल्ड कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी हे माप चालू केले. ज्यांच्या घरात जागा कमी त्यांच्यासाठी. या मापात पुरुषभर उंचीचा माणूस एक सेंटिमीटरच्या किंचित वर भरतो, आणि आमची सबंध फळी म्हणजे १२८ मीटर लांब व ८० मीटर रुंद एवढीच भूमी. आपल्या एखाद्या चर्चचे आवार याहून मोठे असते. एवढ्यात एक गाव मावायचे आहे.

ही फळी आमच्याकडे आली ती जर्मनीहून. १९९९ ते २००३ या काळात आम्ही रोममध्ये शिकत होतो. तिथे शिकणाऱ्या आपल्याकडील धर्मगुरूंची एक रीत आहे: उन्हाळ्याच्या सुट्टीत जर्मनीतील एखाद्या धर्मग्रामात जाऊन राहायचे, मिस्सा सांभाळायची, आणि तेथील फादरांना महिनाभराची रजा मिळवून द्यायची. आमच्या वाट्याला आयफेल नावाच्या डोंगराळ मुलखातील एक गाव आले आणि पुढे दर उन्हाळ्यात तेच गाव येत राहिले. निवृत्त झालेले एक वृद्ध धर्मगुरू आपल्या बहिणीसह तेथील फादरवाड्यात राहत असत. गावात पूर्वी शाखा-लाइन होती. प्रवासी गाड्या १९८० च्या दशकात बंद झाल्या. आम्ही गेलो तेव्हा रूळ होते, पण त्यांच्या मधोमध भूर्जाची रोपे कमरेइतकी वाढली होती. त्या मुलखातील अशा काही लाइनींवरून आता सायकलींचे रस्ते गेले आहेत. दाऊनहून मोझेल नदीकडे उतरणारा तसा रस्ता तर प्रवाशांत प्रसिद्ध आहे. गाडी गेली तशी हळूहळू शाळा गेली, दुकान गेले, आणि पाच गावांना मिळून एक धर्मगुरू उरला.

म्हाताऱ्या फादरांनी आपल्या हातांनी ते स्टेशन या फळीवर बांधायला घेतले होते. रूळ बसवले, विजेची जोडणी केली, प्लॅस्टरची टेकडी केली, टेकडीतून बोगदा काढला. मग हातांना कंप सुटला. टेकडीला एक हिरवा हात मारून त्यांनी काम थांबवले. २००३ च्या ऑगस्टमध्ये आमचा निरोप घेताना त्यांनी ती फळी घोंगडीत गुंडाळून आमच्या हवाली केली. म्हणाले, “तुम्ही रोज संध्याकाळी टेकडीवरून चालत जाता. मला आता जाता येत नाही. तुम्ही जे पाहिलेत ते हिच्यावर घाला.”

एवढेच. त्यानंतर दोन वर्षांनी ते देवाघरी गेले. फळी मात्र आमच्याबरोबर बदलीच्या गावोगाव कपाटावर बसून हिंडली. हिरवा हात मारलेली ती टेकडी कधी धूळ झाडताना दिसे आणि आमचे मन खजील होई. २०२० साली टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली, मिस्सा रिकाम्या बाकांसमोर होऊ लागली, तेव्हा ती फळी आम्ही खाली काढली.

पहिला प्रश्न असा पडला की गाव कुठले करायचे. आमच्या हितचिंतकांचे मत पडले की वसई करावी. विटकरी कौलांचे घर, केळीची बाग, वाडीतली विहीर, भाजीच्या पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीला निघालेल्या बाया. मोह मोठा होता. जे झपाट्याने नाहीसे होत आहे ते निदान मेजावर तरी राहील, असेही कुणी म्हणाले. आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे.

या बाबतीत इंग्लंडमधील एका गृहस्थांची हकिकत सांगण्याजोगी आहे. १९२५ साली रॉय इंग्लंड नावाचा एक तरुण ऑस्ट्रेलियाहून त्या देशात आला. (आडनावच तसे होते, आम्ही रचलेले नाही.) ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ या खोऱ्यातील गवताने शाकारलेली जुनी घरे त्याच्या मनात भरली, आणि ती डोळ्यांदेखत बदलत चालली आहेत हेही त्याच्या ध्यानात आले. ती थांबवणे त्याच्या हाती नव्हते. त्याने ती १:७६ या प्रमाणात करायला घेतली. मनची घरे करायची नाहीत. प्रत्यक्ष उभी असलेली घरे पाहायची, मापायची, आणि त्यांच्या बागेतल्या भाजीच्या वाफ्यासकट उतरवायची. १९५४ मध्ये लाँग विटनम या गावी त्यातून पेंडन संग्रहालय उभे राहिले. ते १९९५ मध्ये वारले, आणि काम त्यांच्या मागे स्वयंसेवकांनी चालू ठेवले. त्याच संग्रहालयात जॉन अहर्न यांची ‘मॅडर व्हॅली’ ही मांडणीही जपून ठेवली आहे. अहर्न यांची तऱ्हा निराळी. त्यांचे खोरे कुठल्याच नकाशात नाही. इथले एक घर, तिथला एक पूल असे आवडलेले एकत्र करून त्यांनी ते रचले. लघुनिसर्ग कसा घडवावा यावर त्यांनी १९५१ मध्ये पुस्तकही लिहिले. एकाने होते ते राखले, दुसऱ्याने हवे ते रचले. दोघांपैकी कुणालाही कमी लेखण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण आमच्या हाती आलेली फळी कुणाची तरी होती, त्यावर आधीच कुणी तरी बोगदा काढून ठेवला होता, आणि “तुम्ही जे पाहिलेत ते घाला” हे शब्द आम्हांला बांधून होते. शिवाय त्या रुळांवरचे इंजिन जर्मन शाखा-लाइनींवरचे, ६४ क्रमांकाच्या वर्गाचे, पाण्याची टाकी अंगावरच वागवणारे. १९२८ ते १९४० या काळात अशी ५२० इंजिने बांधली गेली, आणि लोक त्यांना ‘बुबीकोप्फ’ म्हणत. म्हणजे मुलासारखे आखूड केस कापलेल्या मुलीचे डोके. ते डोके माडांच्या रांगेतून काढणे आम्हांला प्रशस्त वाटले नाही. आपण गोठ्यावर कापसाचा बर्फ पसरतो तो एक अपवाद पुरे आहे. तेव्हा गाव आयफेलचेच ठरले, काळ १९६० च्या आसपासचा.

पण सामग्री? जर्मनीत या कामाची दुकानेच्या दुकाने आहेत. गवत पाकिटात मिळते, झाडे डझनावारी मिळतात, प्रायझर कंपनीची माणसे तर लग्नाच्या वरातीपासून अंत्ययात्रेपर्यंत हव्या त्या प्रसंगाची मिळतात. आमच्या खिशाला ते परवडणारे नव्हते आणि टाळेबंदीत टपालही बंद होते. म्हणून जे घरात होते त्यावर भागवले. ही कृती थोडी विस्ताराने सांगतो, कारण गोठा करणाऱ्या तरुण मंडळींना तिचा उपयोग होईल.

माती चर्चच्या बागेतलीच घेतली. ती आधी तव्यावर चांगली भाजावी, नाहीतर तिच्यातली अंडी आणि बी पुढे फळीवर उगवून येतात. मग वस्त्रगाळ करावी. यानंतर एक पायरी कुणी सांगत नाही, आणि ती न केल्यास इंजिन कायमचे बसते: कागदाच्या पुडीत लोहचुंबक गुंडाळून तो मातीवरून फिरवायचा. आपली माती आणि आपली रेती काळ्या दगडाची, तिच्यात लोहकण फार. ते कण उडून इंजिनाच्या मोटारीत जातात, कारण मोटारीतही चुंबकच असतो. आमच्या वाटीभर मातीतून चिमूटभर काळी पूड निघाली.

झाडांची खोडे तांब्याच्या तारा पिळून केली. पानोरा म्हणून गादीचा जुना स्पंज मिक्सरमध्ये पाणी घालून वाटला आणि रंगवला. (स्वयंपाकघरातील बाईंनी त्या मिक्सरला पुन्हा हात लावला नाही, तो आता आमचाच झाला आहे.) सुकलेल्या घोसाळ्याची जाळी झुडपांसाठी उत्तम. या छंदातील बहुतेक लोक झाडे बुटकी करतात असे आमचे निरीक्षण आहे. २५ मीटर उंचीचा बीच वृक्ष आमच्या मापात १५ सेंटिमीटरहून उंच होतो, म्हणजे स्टेशनच्या छपराच्या कितीतरी वर जातो. तसा तो केला की पाहणाऱ्याला प्रथम चुकल्यासारखे वाटते. पण आयफेलच्या टेकडीवर संध्याकाळी उभे राहिल्यावर जी जाणीव होते, झाडे मोठी आणि गाव त्यांच्या पायाशी, ती त्यावाचून येत नाही. आम्ही तीनच झाडे लावली, पण पुरी उंच.

गवताची युक्ती सर्वांत गमतीची. भुशाचे गवत आडवे पडते, ते शेवाळासारखे दिसते. उभे गवत करायचे तर नायलॉनचे बारीक धागे स्थिरविद्युतेने उभे करावे लागतात. त्यासाठीचे यंत्र महाग. आमच्या धर्मग्रामातील एका वायरमनच्या मुलाने डास मारायची रॅकेट उघडली, तिची एक तार चहाच्या लोखंडी गाळणीला जोडली, दुसरी तार एका खिळ्याला बांधून तो खिळा ओल्या फेविकॉलमध्ये टोचला. गाळणीत दोन मिलिमीटर लांबीचे धागे घालून ती हलवली आणि बटण दाबले, तो काय! अंगावर काटा यावा तसे गवत ताठ उभे राहिले. दोन मिलिमीटर म्हणजे खऱ्या मापात गुडघ्याच्या खालपर्यंतचे गवत. (हा खटाटोप जाणकाराने करावा, त्या रॅकेटचा झटका मामुली नसतो.) मग त्या गवताला एकच हिरवा रंग नको. ऑगस्टमध्ये आयफेलचे गवत टोकाला पिवळे आणि बुडाशी हिरवे असते. बांधावर ते उंच, चाऱ्यासाठी कापलेल्या शेतात आखूड. हे सगळे आठवून करता करता एक महिना गेला.

आणि जून उजाडला. पहिल्या पावसाबरोबर टेकडीवर आमच्या गवताखेरीज दुसरे एक गवत उगवले, पांढरे, लव असलेले. बुरशी! पातळ केलेल्या फेविकॉलला आपला पावसाळा सोसत नाही. तेव्हापासून त्या पाण्यात डेटॉलचे चार थेंब घालतो, आणि पावसाळ्यात फळीवर प्लॅस्टिक टाकून आत बल्ब लावून ठेवतो. अहर्न यांना ही अडचण आली नसावी.

पुढच्या वर्षी नाताळच्या आधी ती मांडणी आमच्या दृष्टीने जवळजवळ पुरी झाली होती. पाटीच्या तुकड्यांची छपरे, स्टेशन, चर्चचा मनोरा, मनोऱ्यावर कोंबडा. अशा वेळी ते काका आले. ते आमच्या धर्मग्रामातील वयोवृद्ध गृहस्थ. आयुष्य रेल्वेच्या गँगमध्ये गेले. आधी गँगमन, मग रोज लाइन तपासत चालणारे कीमन, शेवटी मुकादम. आले होते पत्नीच्या वर्षश्राद्धाची मिस्सा सांगायला. मेजाशी थबकले, चष्मा वर केला, आणि वाकून बराच वेळ पाहत राहिले. आम्ही गाडी सुरू केली. त्यांनी गाडीकडे पाहिलेही नाही.

“फादर,” ते म्हणाले, “ही लाइन चालू आहे की बंद?”

“मूळची बंद झाली, काका. ही मात्र चालू धरायची.”

“मग चालू दाखवा. नाहीतर बंद तरी दाखवा. ही दोन्ही नाही.”

आणि त्यांनी बोटाने दाखवायला सुरुवात केली. चालू लाइनच्या रुळाचा माथा आरशासारखा असतो, पण कुशी गंजक्या तांबड्या. कारखान्यातून आलेला रूळ सगळीकडून सारखाच चकाकतो. बाजूच्या लाइनवर दिवसाला एखादा डबा जाणार, तिचा माथा मंद हवा. फलाटाशी गाडी ब्रेक लावते, तिथली गिट्टी तपकिरी पडते. इंजिन थांबते तिथे खाली तेल आणि राख. बाजूच्या लाइनीत गवत असावे, मुख्य लाइनीत एक काडी दिसता कामा नये, दिसली तर मुकादमाची चौकशी होते. रुळांच्या बाजूने पाणी जायला गटार कुठे आहे? औजारांची खोली कुठे? काढलेले स्लीपर कुठे रचलेत?

“आणि हे मास्तर घरी कुठून जातात?”

आम्ही स्टेशनपुढचा रस्ता दाखवला, वळण घेऊन चर्चकडे जाणारा.

“एवढा वळसा? रोज? फादर, माणूस सरळ जातो.” त्यांनी स्टेशनच्या कोपऱ्यापासून चर्चच्या मागच्या दारापर्यंत आमच्या महिनाभराच्या गवतातून नख ओढले. ती पायवाट पुढे आम्ही भाजक्या मातीने केली. ती होताच अशी गंमत झाली की त्या गावात अचानक माणसे राहू लागली, एकही माणूस ठेवलेले नसताना.

आमच्या मेजावर आयफेलहून आणलेला एक काळा खडा कागदांवर ठेवायला असतो. तो काकांनी उचलून वजन पाहिले. “हा आपलाच दगड.” एका अर्थाने खरे आहे. तिथली गिट्टीही काळ्या बसाल्टची, आपलीही. आपला दगड ज्वालामुखीतून येऊन ६.५ कोटी वर्षे झाली. आयफेलमधील सर्वांत अलीकडचा उद्रेक जेमतेम ११ हजार वर्षांपूर्वीचा. तिथल्या लोकांनीही या दगडाचे क्रूस घडवून वाटांच्या कडेला उभे केले आहेत, आपल्या गावागावांतून आहेत तसेच. पुष्कळ क्रूस नवसाचे. काहींवर मात्र नाव आणि तारीख असते. इथे अमक्याची गाडी उलटली, इथे अमक्यावर झाड पडले. रोजच्या फेरीत असे दोन क्रूस आमच्या वाटेवर येत. त्यांतला एक आम्ही पाटीच्या पेन्सिलीचा कोरून टेकडीच्या पायथ्याशी लावला होता. तो कशाचा म्हणून काकांनी विचारले, आम्ही सांगितले. ते काही बोलले नाहीत.

त्यानंतर ते दर गुरुवारी येऊ लागले. माणसे करायचे काम निघाले तेव्हा त्यांनी हट्ट धरला की गँग पाहिजे. “गाडीत बसणारे केलेत, गाडी हाकणारा केलात. लाइन कोण राखतो?” तारेची आणि एमसीलची चार माणसे झाली, प्रत्येकी सेंटिमीटरभर, काकांचे डोळे चालत नाहीत म्हणून वेदीसेवक मुलांतील एकाने ती चिमट्याने धरून रंगवली. दोघांच्या हाती बीटर, एकाच्या हाती पहार, चौथा मुकादम. ती कुठे ठेवायची? आम्हांला बोगद्याच्या तोंडाशी बरी दिसत होती. काळोख्या कमानीपुढे रंग उठून दिसतो.

काकांचा चेहरा बदलला. “वळणावर? बोगद्याच्या तोंडाशी? मग पलीकडे झेंडेवाला कुठाय?”

मग त्यांनी ते सांगितले. १९८० च्या दशकातील एक पावसाळा. लाइन खचली म्हणून गँग वळणावर पॅकिंग करीत होती. माणसे कमी. वळणापलीकडे शिटी आणि लाल झेंडा घेऊन उभा राहायचा तो माणूस त्या दिवशी कामालाच लावला होता. पावसाचा आवाज एवढा की बीटरचा घाव कानाला लागत नव्हता. काका उठून पाणी प्यायला कडेला गेले होते. त्यांच्या शेजारी काम करणारा, घाटावरून आलेला, काकांच्याच खोलीत राहणारा, तो वाचला नाही. एवढे सांगून काकांनी इंजिनाकडे पाहिले. “ताशी ६० ने आली तरी सेकंदाला १७ मीटर येते, फादर. माणसाला हत्यार उचलून बाजूला व्हायला पंधरा सेकंद तरी लागतात.”

आम्ही मनात हिशेब केला: २५० मीटर. आमच्या मापात दीड मीटरहून जास्त, फळीच्या लांबीच्या जवळजवळ दुप्पट. ते काकांना सांगितले. ते म्हणाले, “जागा नाही हे मला दिसते. जागेचे राहू दे. माणूस तरी पाहिजे.”

तेव्हा आम्ही, धर्मगुरूला सुचावे तेच सुचवले. म्हटले, काका, बोगद्याच्या तोंडाशी त्यांच्या नावाने एक क्रूस लावू. आयफेलमध्ये असाच लावला असता.

“तो आपल्यातला नव्हता, फादर,” काका म्हणाले. “विठोबाचा माळकरी होता. आणि क्रूस काय, मागाहून लावतात. त्याला त्या वेळी झेंडेवाला पाहिजे होता.”

यावर बोलण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते. सेमिनरीत इतकी वर्षे काढली, पण असे उत्तर कुठल्याही ग्रंथात वाचल्याचे आठवत नाही.

म्हाताऱ्या फादरांनी टेकडी उचलून काढता येईल अशी केली आहे, कारण आत गाडी घसरली तर हात घालता यायला हवा. टेकडीखाली रुळांचा जो अर्धा भाग आहे तो कुणालाच दिसत नाही. तिथे नुसती कोरी फळी. पाहणाऱ्याला वाटते गाडी दूर कुठे तरी जाऊन आली. ती तिथेच अंधारात वळते. आम्ही टेकडी उचलून बाजूला ठेवली. पाचवा माणूस केला, उजव्या हातात लाल रेशमाचा धागा. वळणावर डबे बाहेरच्या बाजूला झुकतात, म्हणून सर्वांत लांब डबा हाताने ढकलून पाहिला. तो माणसाला निसटता लागला. माणूस आणखी चार मिलिमीटर मागे सरकवला. पुन्हा डबा ढकलला. मोकळा गेला. काका म्हणाले, त्याच्या पायाखाली गिट्टी घाला, कोऱ्या लाकडावर उभा नको. घातली. मग त्यांनी सांगितले की तो गाडीच्या बाजूला तोंड करून उभा राहिला पाहिजे, आपल्या माणसांकडे पाठ करून. कारण त्याने पाहायचे ते त्यांच्यासाठी. मुलाने चिमट्याने त्याला फिरवले. टेकडी परत बसवली.

गेल्या नाताळात ती छायाचित्रे आम्ही जर्मनीला म्हाताऱ्या फादरांच्या बहिणीकडे पाठवली. त्या आता नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांचे पत्र आले. पायवाट त्यांनी लगेच ओळखली. त्याच वाटेने त्या स्टेशनवर दुधाचे डबे घेऊन जात असत, असे लिहिले आहे, आणि डबे सकाळच्या गाडीसाठी फलाटाच्या पुढच्या टोकाला ठेवत. ते डबे अजून करायचे आहेत. टाचणीची डोकी त्यासाठी चालतील असे वाटते.

ख्रिस्तशिक्षणाच्या वर्गाची मुले महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी पाहायला येतात. त्यांचा एक खेळ असतो: गावात माणसे किती ते मोजायचे. सायकलवाला, मास्तर, बाकावरची आजी, गँगचे चौघे असे करीत मुले १७ वर येतात. काका दाराशी खुर्चीवर बसलेले असतात. ते म्हणतात, १८. मुले पुन्हा मोजू लागतात.